रोसेलिनी सिनेमा सोडून टीव्हीकडे गेला: उतरती कळा की खरं काम?

निंबोणी
नमस्कार मंडळी.

इटालियन दिग्दर्शक रोबेर्तो रोसेलिनीचं नाव निघालं की आपल्याकडच्या गप्पा दोनच वाटांनी जातात. एक 'रोम, ओपन सिटी'ची, म्हणजे नववास्तववाद (खऱ्या रस्त्यांवर, साध्या माणसांच्या गोष्टी सांगणारा सिनेमा), युद्धानंतरची इटली वगैरे. दुसरी नटी इन्ग्रिड बर्गमनची. दोन्ही वाटा पन्नाशीच्या दशकात संपतात. माणूस मात्र १९७७पर्यंत काम करत होता, आणि त्यातली शेवटची काही वर्षं बहुतेक टीव्हीसाठीच. त्या वर्षांबद्दल फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा.

ज्यांना ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म ८ मे १९०६, रोम. घर सधन. वडिलांचा बांधकामाचा व्यवसाय, रोमचं बार्बेरिनी थिएटर त्यांच्याच कंपनीने बांधलेलं, त्यामुळे पोराला लहानपणापासून सिनेमा फुकट. १९४५मध्ये 'रोम, ओपन सिटी', १९४६मध्ये 'पाइझा', १९४८मध्ये 'जर्मनी, इयर झीरो'. हा तिसरा चित्रपट त्याने रोमानोला, १९४६मध्ये गेलेल्या आपल्या लहानग्या मुलाला, अर्पण केला आहे. मग बर्गमनबरोबरचे चित्रपट: 'स्ट्रॉम्बोली', 'युरोप ५१', 'जर्नी टू इटली'. इटलीत ते झोडपले गेले आणि पॅरिसच्या तरुण समीक्षकांनी डोक्यावर घेतले. त्या पोरांतला त्रुफो (पुढे स्वतः दिग्दर्शक झाला) काही काळ त्याच्या हाताखाली सहायक होता. १९५९मध्ये 'जनरल देल्ला रोव्हेरे'ला व्हेनिस महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, सुवर्णसिंह मिळाला, मोनिचेल्लीच्या चित्रपटाबरोबर विभागून. गेलेलं नाव परत आलं.

आणि अशा वेळी, १९६२-६३च्या सुमारास, ह्याने सिनेमा मेला असं जाहीर केलं आणि टीव्हीची वाट धरली! १९६६मध्ये फ्रेंच टीव्हीसाठी चौदाव्या लुईवर चित्रपट केला. पाठोपाठ 'ॲक्ट्स ऑफ द अपॉसल्स' (१९६९), 'सॉक्रेटिस' (१९७१), 'ब्लेझ पास्कल' आणि 'ऑगस्टीन' (दोन्ही १९७२), कोसिमो दे मेदिचीच्या फ्लॉरेन्सवर तीन भाग, १९७४मध्ये तत्त्वज्ञ देकार्तवर एक. शिवाय माणूस जगण्यासाठी कसा झगडत आला ह्यावर बारा भागांची मालिका लिहिली, ती मुलगा रेंझोने दिग्दर्शित केली. लोखंडाच्या इतिहासावर एक मालिका त्याआधीच झालेली.

माझं मत स्पष्ट सांगते. हेच त्याचं सगळ्यांत धाडसी काम. घराघरात पोचणारं नवं साधन हाताशी आलंय, तर त्यातून सामान्य माणसाला ज्ञान द्यायचं, नुसती करमणूक नाही, हे त्याने मनापासून मानलं आणि त्यासाठी नाव, पैसा, प्रेक्षक सगळं पणाला लावलं.

तुम्हाला काय वाटतं? यातलं कुणी काय पाहिलंय? नव्याने बघणाऱ्याने सुरुवात कुठून करावी?

जुनं_तिकीट
वाचनखूण साठवली आहे. मी फक्त 'रोम' आणि 'स्ट्रॉम्बोली' पाहिलेत. टीव्हीवरच्या कामाबद्दल पहिल्यांदाच वाचतोय. जाणकारांनी येऊ द्या.

अवकाळी
धागा छान, पण मुद्द्याशी असहमत. जोरदार असहमत.

'सॉक्रेटिस' पाहिलाय. माणसं पांढरी वस्त्रं नेसून उभी राहतात आणि बोलतात. मग दुसरीकडे जाऊन उभी राहतात आणि पुन्हा बोलतात. प्लेटो घरी बसून वाचता येतो की! त्यासाठी कॅमेरा कशाला?

आता 'रोम'मधला पिनाचा प्रसंग आठवा. जर्मन सैनिक फ्रान्चेस्कोला ट्रकमध्ये कोंबून नेतायत. आज त्यांचं लग्न आहे. पिना सैनिकांच्या हातून सुटते, ट्रकमागे धावते, हात वर, ओरडतेय. एक गोळी. ती रस्त्यावर पडते आणि लहानगा पोर तिच्या अंगावर झेप घेतो. चित्रपट अजून निम्म्यावर आलाय आणि नायिका गेलेली. आना मान्यानीला तो प्रसंग करताना बघून आजही अंगावर काटा येतो. पिनाचं पात्र तेरेसा गुल्लाचे ह्या खऱ्या बाईवर बेतलेलं, ३ मार्च १९४४ला रोममध्ये तिला गोळी घातली होती. वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा, जानेवारी १९४५मध्ये, चित्रीकरण सुरू झालं. शहराची जखम ओली असताना केलेला सिनेमा आहे तो.

असं काही करू शकणाऱ्या माणसाने पुढे सॉक्रेटिसला व्याख्यान द्यायला उभं करावं ह्याला मी तरी धाडस म्हणणार नाही.

निंबोणी
@अवकाळी, पिनाच्या प्रसंगाबद्दल एक अक्षरही वेगळं नाही. पण तो प्रसंग पुन्हा पुन्हा करत राहणं त्याला सहज जमलं असतं. 'देल्ला रोव्हेरे' साधारण तेच आहे, पुन्हा युद्ध, पुन्हा प्रतिकार, आणि बक्षीसही मिळालं. त्याला स्वतःलाच तो चित्रपट फारसा पटला नव्हता. आपलंच यश नाकारणारे लोक किती असतात?

आणि 'सॉक्रेटिस'वरून सगळ्याची परीक्षा करू नका. लुई पाहिलात का?

अवकाळी
नाही. बघतो.

तिसरा_डोळा
मी कॅमेऱ्याचं काम करतो, बहुतेक मालिकांच्या सेटवर. त्यामुळे माझा जीव ह्या टीव्ही-चित्रपटांत वेगळ्याच कारणाने अडकलाय. जरा तांत्रिक लिहितो, चालवून घ्या.

आमच्याकडे दोन माणसं बोलतायत असा साधा सीन असला तरी आधी मास्टर (दोघं एकत्र दिसतात तो), मग एकाचा क्लोज, मग दुसऱ्याचा, मग खांद्यावरून. दर वेळी कॅमेरा हलणार, लाइट हलणार, चहा होणार. वेळ आणि पैसा जातो तो ह्यात. रोसेलिनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून हे जवळपास बंद केलं. पॅन्सिनॉर नावाच्या झूम लेन्सला त्याने दुरून चालवायची सोय करून घेतली आणि टेक चालू असताना झूम स्वतः चालवायचा. माणसं खोलीत येतात, बसतात, उठतात, एकाच टेकमध्ये कधी सगळी खोली दिसते, कधी नुसता चेहरा. कट नाही. पुष्कळ वेळा अख्खा प्रसंग एका टेकमध्ये.

झूमला आमच्यात अजिबात मान नाही. लग्नाच्या व्हिडिओत नवरीच्या नथीवर जाऊन आदळणारा झूम आठवा. रोसेलिनीचा झूम आदळत नाही. तो इतका हळू सरकतो की पहिल्यांदा कळतही नाही. गर्दीच्या दालनात कोण महत्त्वाचं आहे ते तो बोट न दाखवता सांगतो.

दुसरी गोष्ट आरशाची. ऐतिहासिक शहरं उभी करायला पैसे कुठून आणायचे? कॅमेऱ्यासमोर तिरका आरसा लावायचा, त्याच्या काही भागावरचा पारा खरवडून काढायचा. खरवडलेल्या काचेतून समोरचे नट दिसतात, उरलेल्या आरशात बाजूला ठेवलेल्या छोट्या मॉडेलचं प्रतिबिंब. दोन्ही एकाच फ्रेममध्ये, चित्रीकरणाच्या वेळीच. नंतर लॅबमध्ये काही करायचं नाही. जुनीच युक्ती, जर्मन लोक मूकपटांच्या काळापासून वापरत होते, पण टीव्हीच्या बजेटमध्ये त्याने ती पुन्हा कामाला लावली.

थोडक्यात, कमी पैशात इतिहास कसा करायचा ह्याची रीत त्याने बसवली होती. आज आमच्याकडे ऐतिहासिक मालिकांवर जो खर्च होतो आणि पडद्यावर जे दिसतं ते बघून मला फार वेळा त्याची आठवण येते.

जुनं_तिकीट
नथ!!! अगदी डोळ्यांसमोर आली.

प्रतिसाद मात्र संग्राह्य. आरशाचं कुठे आकृतीसह मिळेल का?

तिसरा_डोळा
@जुनं_तिकीट, 'शुफ्टान' ह्या नावाने शोधा, आकृत्या मिळतील.

खडीसाखर
ज्ञानाच्या गप्पांत थोडी साखर घालते. बर्गमनने त्याला पत्र लिहिलं होतं ना, तुमचे चित्रपट पाहिले, भारावून गेले, तुमच्याबरोबर काम करायला आवडेल अशा अर्थाचं? हॉलिवूडच्या शिखरावरच्या बाईने परक्या देशातल्या दिग्दर्शकाला आपणहून काम मागणं, हे मला आजही फार आवडतं. पुढे दोघांचं जे प्रेमप्रकरण झालं त्यापायी अमेरिकेच्या सिनेटमध्ये तिच्या नावाने शंख झाला (मार्च १९५०). एका नटीच्या संसारावर सिनेटमध्ये भाषण!

आणि आमचे रोसेलिनीबुवा? १९५३मध्ये फेरारी घेऊन मिले मिलिया शर्यतीत उतरले. घरी लहान जुळ्या मुली. बर्गमनच्या जिवाला काय घोर लागला असेल!

रानजाई
एक गोष्ट अजून कुणी काढली नाही म्हणून काढते. 'रोम'च्या आधी ह्या माणसाने तीन चित्रपट केले, 'द व्हाइट शिप' (१९४१), 'अ पायलट रिटर्न्स' (१९४२) आणि 'द मॅन विथ अ क्रॉस' (१९४३). तिन्ही मुसोलिनीच्या राजवटीत, युद्धाच्या बाजूचे. पहिला तर नौदलाच्या मदतीने केलेला. दुसऱ्याची मूळ कथा खुद्द मुसोलिनीच्या मुलाची, व्हित्तोरिओची, टोपणनावाने लिहिलेली. आणि दोन वर्षांत हाच माणूस प्रतिकाराचं महाकाव्य करतो.

मला त्याचे चित्रपट आवडतात. पण धाग्यात 'सगळं पणाला लावलं' असं वाचलं की विचारावंसं वाटतं, १९४१मध्ये काय लावलं होतं?

निंबोणी
@रानजाई, प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. ते तीन चित्रपट राजवटीच्या यंत्रणेत झाले, हे खरंच. मी 'द व्हाइट शिप' पाहिलाय. खरे खलाशी, खरं जहाज, जखमींची शुश्रूषा. शत्रूबद्दल विष नाही, पण कुणाच्या युद्धासाठी हे चाललंय हा प्रश्नही नाही. न विचारलेला प्रश्न हाच त्याचा दोष.

मला त्याच्या पुढच्या कामाची किल्ली इथेच सापडते. आपल्या पिढीला कसं हाकलं गेलं हे त्याने आतून पाहिलं होतं. म्हणून लुईवरचा चित्रपट राजाच्या गौरवाचा नाही. माणसांना झुकवायची यंत्रणा कशी बांधतात, ते त्यात भाग भाग सुटा करून दाखवलंय.

रानजाई
ह्या उत्तराने पूर्ण समाधान झालं नाही, पण लुई ह्या नजरेने पुन्हा बघेन.

पोथीनिष्ठ
'रोम' रस्त्यावरच्या छायाचित्रकारांकडून विकत घेतलेल्या फिल्मच्या तुकड्यांवर चित्रित झाला, ही कथा सगळीकडे वाचायला मिळते. १९९५मध्ये मूळ निगेटिव्हवर काम झालं तेव्हा त्यात मोजक्याच प्रकारची फिल्म निघाली, वाटेल तसे जोडलेले तुकडे नव्हेत. टंचाई होतीच, वीज नव्हती, पैसे नव्हते, आवाज सगळा नंतर भरलेला. पण चित्रपटाचं खडबडीत रूप केवळ नाइलाजाने आलं असं समजलं की दिग्दर्शकाने काय ठरवून केलं ते दिसेनासं होतं. पाद्र्याच्या भूमिकेतला फाब्रिझी आणि मान्यानी दोघेही लोकप्रिय, विनोदी भूमिकांसाठी माहीत असलेले नट. पाद्री म्हणून विनोदी नट घ्यायचा, हा काही योगायोग नव्हे.

शनिवारातला
इतका वेळ वाट बघत होतो, पण भारताचा विषय कुणीच काढला नाही!

आधी पार्श्वभूमी. जानेवारी १९५२मध्ये भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत झाला. त्यात इटालियन चित्रपट आले आणि आपल्या लोकांचे डोळे विस्फारले. विमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' त्याच्या पुढच्याच वर्षीचा. पाच वर्षांनी, डिसेंबर १९५६मध्ये, रोसेलिनी स्वतः मुंबईत येऊन थडकला. घरचा संसार मोडत आलेला, बर्गमनबरोबरचे चित्रपट पडलेले, डोक्यावर कर्ज. नेहरूंचा पाठिंबा होता, फिल्म्स डिव्हिजनचं सहकार्य होतं, कॅमेऱ्यावर आल्दो तोंती.

त्यातून निघाला 'इंडिया: मातृभूमी' (१९५९). सुरुवात मुंबईच्या गर्दीने, शेवट पुन्हा गर्दीत. मध्ये चार गोष्टी: माहूत आणि हत्ती, हिराकुडचा कामगार, वाघाच्या जंगलातला म्हातारा, आणि मालक वाटेतच मेल्यावर एकटं पडलेलं माकड. व्यावसायिक नट एकही नाही.

मला हिराकुडची गोष्ट सगळ्यांत जवळची. पूर्व बंगालमधून निर्वासित होऊन आलेला माणूस, धरणावर वर्षानुवर्षं राबलेला. काम संपलं, आता दुसऱ्या ठिकाणी जायचं. शेवटच्या दिवशी तो धरणावर नुसता फिरतो. काम करताना मेलेल्यांच्या स्मारकापाशी थांबतो. पाण्यात उतरून आंघोळ करतो. घरी बायको हे सगळं सोडून जायचं म्हणून रडतेय. धरणाचं कौतुक आहे आणि त्या कौतुकाची किंमतही आहे, दोन्ही एकाच चालण्यात. १९५७मध्ये धरणांवर आपल्याकडे जे माहितीपट निघत होते त्यांच्याशेजारी हे ठेवून बघा. फ्रेंच दिग्दर्शक गोदारने ह्या चित्रपटाचं तोंड भरून कौतुक केलं होतं.

आणि निंबोणीताई, तुमच्या मुद्द्याचं मूळ इथेच आहे बरं का! भारतातल्या चित्रीकरणातून त्याने टीव्हीसाठीही मालिका केली. १९५९मध्ये इटलीच्या सरकारी टीव्हीवर, 'राय'वर दहा भाग लागले, फ्रेंच टीव्हीसाठी वेगळी आवृत्ती. स्टुडिओत बसून तो ही दृश्यं दाखवत बोलतो. म्हणजे त्याचा टीव्हीचा श्रीगणेशा भारतावरून झाला.

ह्या सगळ्यावर इंग्रजीत अख्खं पुस्तक आहे, तेही आपल्या पुण्याच्या माणसाचं, दिलीप पाडगावकरांचं, 'अंडर हर स्पेल' (२००८). पाडगावकर पॅरिसमध्ये शिकलेले, फ्रेंच सिनेमाच्या वर्तुळात वावरलेले, पुढे टाइम्स ऑफ इंडियाचे संपादक. जरूर मिळवून वाचा.

खडीसाखर
पुस्तकाच्या नावातली 'ती' कोण हे सांगितलंच नाहीत की!

शनिवारातला
मुद्दाम नाही सांगितलं. सोनाली दासगुप्ता. माहितीपटकार हरिसाधन दासगुप्तांच्या पत्नी. १९५७मध्ये वर्तमानपत्रांनी त्या प्रकरणाचा इतका चोथा केला की चित्रपट बाजूलाच राहिला. रोसेलिनीला ऑक्टोबरमध्ये देश सोडावा लागला. सोनालीबाई पुढे रोममध्येच राहिल्या, २०१४मध्ये तिथेच गेल्या.

रानजाई
त्यांना दोन मुलगे होते. धाकटा त्यांच्याबरोबर गेला, मोठा इथे वडिलांकडे राहिला. हे एक वाक्य लिहिल्याशिवाय हा विषय पुढे जाऊ नये असं मला वाटतं. रोसेलिनी जिथे गेला तिथे नवं काही उभं राहिलं हे खरं, पण मागे कुणाचं तरी घर विस्कटलेलं असायचं.

अण्णा_नौपाडा
घरं त्याने एकट्याने विस्कटली असं कसं म्हणता? बर्गमन काय, सोनाली काय, दोघी सज्ञान, कर्तबगार बाया. त्यांनी स्वतः निर्णय घेतले आणि त्याची किंमतही स्वतः मोजली. 'त्याने पळवलं' हीच १९५७च्या वर्तमानपत्रांची भाषा होती.

रानजाई
@अण्णा_नौपाडा, मी 'पळवलं' म्हटलेलं नाही. मागे राहिलेल्या मुलाने कोणताच निर्णय घेतला नव्हता, एवढंच म्हणतेय.

अण्णा_नौपाडा
हे मान्य.

वेसावकरीण
शनिवारातले दादा, त्या टीव्ही मालिकेच्या दहा भागांची नावं आहेत का तुमच्याकडे? कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय की त्यात एक भाग आमच्या वेसाव्यावर आहे. खरं का?

शनिवारातला
हो ताई, खरं आहे. चौथा भाग, नावच 'वारसोवा'. त्याच्या आधीचे दोन मुंबईवर, नंतर दक्षिणेकडचा प्रवास, मलबारची खाडी, केरळ, हिराकुड, पंडित नेहरू आणि शेवटचा भारतातल्या प्राण्यांवर.

वेसावकरीण
अगं आई गं! म्हणजे खरंच.

मी कोळीवाड्यातच जन्मले, वाढले. आज मागे टॉवर, पुढे खाडीत प्लास्टिक, आणि मध्ये आम्ही. वलांडीवर बोंबील वाळत घालायला जागा पुरत नाही. माझी आजी त्या काळात ऐन विशीत असणार, टोपली घेऊन बाजाराला जायची. आमच्या घरात तिचा त्या वयातला एकही फोटो नाही. त्या फिल्ममध्ये कुणाच्या आज्या, कुणाचे आजोबा, कुणाच्या होड्या असतील सांगा! आमची म्हातारी माणसं नाव घेऊन ओळखतील. पाण्यातली होडी बघून कुणाची ते सांगणारी माणसं अजून आहेत आमच्यात.

इटलीतल्या माणसांनी १९५९मध्ये घरी बसून आमचं वेसावं पाहिलं आणि आम्ही अजून नाही पाहिलं. कशी मिळेल ती फिल्म? कुणाला लिहू?

पोथीनिष्ठ
@वेसावकरीण, मालिका 'राय'साठी झालेली, त्यामुळे विचारणा तिकडेच करावी लागेल. मुंबईतल्या इटालियन वकिलातीच्या सांस्कृतिक विभागाला पत्र लिहा. पत्र कोळीवाड्यातल्या संस्थेच्या नावाने गेलं तर जास्त वजन पडेल. इटालियन शीर्षक 'ल'इंदिया व्हिस्ता दा रोसेलिनी', वर्ष १९५९, भाग 'वारसोवा', एवढं नेमकं लिहा. मसुदा करायला मी मदत करतो, व्यक्तिगत निरोप पाठवा.

निंबोणी
मीही आहे. इटालियन कामचलाऊ येतं, पत्राचं भाषांतर करून देते.

कलम_एकोणीस
अवांतर होईल, पण वकील असल्यामुळे राहवत नाही. अमेरिकेत चित्रपटाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण मिळालं ते रोसेलिनीच्या चित्रपटामुळे!

१९४८चा 'ल'आमोरे', त्यातला दुसरा भाग 'द मिरॅकल'. शेळ्या राखणारी एक भोळी बाई (मान्यानी) वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाला संत जोसेफ समजते. तो अनोळखी माणूस म्हणजे चक्क पुढे दिग्दर्शक म्हणून गाजलेला फेलिनी, नट म्हणून. तिला दिवस जातात, ती चमत्कार मानते, गाव तिची टर उडवतं. न्यूयॉर्कमध्ये धर्मनिंदा म्हणून परवाना काढून घेतला. वितरक बर्स्टिन सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि १९५२मध्ये जिंकला. त्याआधी १९१५पासून तिथला कायदा असं मानत होता की चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, वाणी नव्हे.

आपल्याकडे १९७०मध्ये ख्वाजा अहमद अब्बास ह्याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले. आपल्या न्यायालयाने पूर्व-परीक्षण, म्हणजे प्रदर्शनाआधीची सेन्सॉरशिप, वैध ठरवलं. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

जुनं_तिकीट
ह्या धाग्यावर दर चार प्रतिसादांनी एक नवीन विषयाची पदवी मिळतेय.

पाटी_पेन्सिल
शिक्षिका आहे, भौतिकशास्त्र शिकवते. 'ब्लेझ पास्कल'बद्दल दोन शब्द.

आमच्या पुस्तकात पास्कल म्हणजे दाबाचं एकक. चित्रपटात हा तरुण वडिलांच्या करवसुलीच्या आकडेमोडीचा त्रास वाचावा म्हणून यंत्र बनवतो. दातेरी चाकं, एक चाक पूर्ण फिरलं की शेजारचं एक घर पुढे सरकतं, म्हणजे हातचा आपोआप. ते यंत्र लोकांना दाखवताना त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद आणि थकवा! निर्वात पोकळी असू शकते की नाही ह्यावर देकार्तशी वाद. आणि ह्याच चित्रपटात एका मोलकरणीवर चेटकीण म्हणून खटला चालतो, गंभीर, सुशिक्षित न्यायाधीशांपुढे. गणकयंत्र आणि चेटकीण एकाच शहरात, एकाच काळात, कदाचित एकाच ओळखीच्या माणसांत. विज्ञानाचा इतिहास मी इतकी वर्षं शिकवतेय, पण ही गोष्ट मुलांना इतक्या स्पष्टपणे मला कधी दाखवता आली नव्हती. अकरावीच्या वर्गाला हे दोन तुकडे दाखवले. खटल्याच्या वेळी वर्ग एकदम शांत झाला, आणि नंतर प्रश्न थांबेनात.

अवकाळी म्हणतात तशी माणसं बोलतात खूप. पण बोलतात ते काहीतरी पणाला लागलेलं असताना.

अण्णा_नौपाडा
टीव्हीने शिकवावं ही आशा आपल्याकडेही होतीच की. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. 'आमची माती आमची माणसं' बघून आमच्या गावाकडचे लोक बियाण्याची चर्चा करत. पुढे १९८८मध्ये श्याम बेनेगलांचं 'भारत एक खोज', त्रेपन्न भाग. रविवारी सकाळी अख्खं घर बसायचं. रोसेलिनीला हवं होतं ते हेच असावं.

तिसरा_डोळा
+१. फरक एकच. 'भारत एक खोज'मध्ये कसलेले नट आहेत, नाट्य आहे. रोसेलिनी अभिनय जवळजवळ काढूनच टाकतो.

अवकाळी
शब्द दिला होता, लुई पाहिला. 'द टेकिंग ऑफ पॉवर बाय लुई फोर्टीन्थ', १९६६. सविस्तर लिहितो.

सुरुवात मरणाऱ्या कार्डिनल माझारँपासून, म्हणजे राज्याचा कारभार पाहणाऱ्या मंत्र्यापासून. वैद्य येतात, घाम हुंगतात, भांडं हुंगतात, आपसांत लॅटिनमिश्रित चर्चा करतात, रक्त काढायचं ठरवतात. कुणालाच काही कळलेलं नाही आणि सगळे फार गंभीर. राजा भेटायला येणार म्हटल्यावर माझारँ मरणपंथावर असतानाही गालांना रंग लावून घेतो. संगीत नाही, कुणी रडत नाही. मला तिथेच चित्रपटाने धरलं.

लुई झालेला जाँ-मारी पात हा व्यावसायिक नट नव्हे. बुटका, जाडसर, एकसुरी. त्याला संवाद पाठ होत नव्हते म्हणून फळ्यावर लिहून कॅमेऱ्यामागे धरले होते. तो समोरच्या माणसाकडे न बघता कुठेतरी पलीकडे बघत बोलतो. आणि तेच राजाचं रूप होऊन बसतं! हा माणूस कुणाकडेच बघत नाही, सगळे त्याच्याकडे बघतात. अर्थमंत्री फूकेच्या अटकेचा प्रसंग तर वरच्या खिडकीतून, लांबून, जवळपास आवाजाशिवाय.

मग कपडे. शिंप्यासमोर उभा राहून राजा स्वतः ठरवतो, झालरी किती, फिती किती, विग केवढा. हा पोशाख परवडायला उमरावांना कर्ज काढावं लागेल, कर्जासाठी राजाच्या दारात यावं लागेल, दारात आले की बंडाला वेळ उरणार नाही. तलवार न उपसता अख्खा वर्ग ताब्यात. जेवणाच्या प्रसंगात राजा एकटाच बसून जेवतो आणि दरबार उभा राहून बघतो. स्वयंपाकघरातून पदार्थ निघतो, त्याच्यापुढे रक्षक, वाटेत लोक टोपी काढून वाकतायत. ताटाला मुजरा! राजाने पाणी-वाइन मागितली तरी केवढी मिरवणूक.

@रानजाई, तुमचा १९४१चा प्रश्न डोक्यात ठेवून पाहिला. ज्या माणसाने फाशिस्टांचे गणवेश आणि समारंभ तरुणपणी जवळून पाहिले होते, त्यालाच हे कपड्यांचं राजकारण इतकं नेमकं दिसलं असणार.

'सॉक्रेटिस'बद्दलचं मत तेच आहे, ते व्याख्यानच आहे. पण त्यावरून 'टीव्हीत गेला आणि संपला' असं म्हणता येत नाही. लुई हा पिनाच्या प्रसंगाच्या तोडीचा सिनेमा आहे, वेगळ्या जातीचा.

निंबोणी
@अवकाळी, ताटाचा मुजरा! मी कितीदा पाहिलाय तो प्रसंग, पण हे शब्द तुमचे.

आता क्रमाबद्दल. सगळ्यांच्या प्रतिसादांवरून माझं असं मत झालंय की आधी 'रोम', मग थेट 'इंडिया', मग लुई. त्यानंतर 'पास्कल'. 'इंडिया'त त्याचे दोन्ही हात दिसतात, रस्त्यावर कॅमेरा नेणारा आणि समजावून सांगणारा. 'सॉक्रेटिस' आणि 'देकार्त' ज्यांना चटक लागली त्यांनी शेवटी बघावेत. मेदिचीचे तीन भाग मात्र सोडू नका. सावकारीचे हिशेब, कर, हद्दपारी, आणि चित्रकार मासाच्चोचं भित्तिचित्र बघणारे व्यापारी, हे सगळं एकाच शहराचं जगणं म्हणून समोर येतं.

रानजाई
माझी भर: 'जर्नी टू इटली'ही मध्ये घ्या. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत मातीखाली राखेतून एका जोडप्याचे साचे निघतात आणि बर्गमन ते बघू शकत नाही, तो प्रसंग चुकवू नये.

पोथीनिष्ठ
मूळ प्रश्नावर एक माहिती. मे १९७७मध्ये रोसेलिनी कानच्या महोत्सवात परीक्षक मंडळाचा अध्यक्ष होता. त्या वर्षी सर्वोच्च पारितोषिक ताव्हियानी बंधूंच्या 'पाद्रे पाद्रोने'ला गेलं. सार्डिनियातल्या एका धनगराच्या पोराची गोष्ट, बापाने शाळेतून ओढून काढलेला पोर भाषाशास्त्रज्ञ होतो. चित्रपट 'राय'साठी, म्हणजे टीव्हीसाठी केलेला. टीव्हीचा चित्रपट मुख्य स्पर्धेत कसा, ह्यावर नाकं मुरडली गेली होती. महोत्सव संपला आणि आठवडाभरात, ३ जूनला, रोसेलिनी हृदयविकाराच्या झटक्याने गेला.

अवकाळी
हे माहीत नव्हतं. 'पाद्रे पाद्रोने' पुढच्या शनिवारी. पाटी_पेन्सिल, तुमच्या अकरावीच्या पोरांनाही सुचवा.

वेसावकरीण
पत्राचा मसुदा पोथीनिष्ठ दादांनी पाठवला, आमच्या जमातीच्या कार्यालयात वाचून दाखवला. सही-शिक्क्यासकट सोमवारी जातोय. उत्तर आलं की इथेच लिहिते, धागा वर काढायला हरकत नाही ना?